नदीकाठच्या मोटारी

यादीत पाच ठिकाणं होती. नगरचा भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल, रणगाड्यांचं संग्रहालय, पारनेरचं सिद्धेश्वर आणि निघोजचे रांजणखळगे. रत्नागिरीचं वऱ्हाड लग्नाच्या दोन दिवस आधीच पारनेरला उतरलं होतं आणि त्यांना फिरवायचं काम बाबांनी तेरा वर्षांच्या दिशाच्या गळ्यात घातलं होतं.

तिने यादी सुरेख लिहिली, पण तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. थोरल्या बहिणीच्या, अश्विनीताईच्या लग्नाची तारीख ठरली, त्या दिवसापासून हे असंच. हळद दळली, बांगड्या भरल्या, आत्या-मावश्या गाणी म्हणता म्हणता रडल्या. दिशा कोरडीच. ताई समुद्राकाठी जाणार, हे एक वाक्य मनात घासून घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की ते हाताला लागतच नव्हतं.

"निघोज आधी," तिचा चुलतभाऊ आदिनाथ म्हणाला. "यांना रोज समुद्र दिसतो. बिनपाण्याची नदी बघू देत की एकदा."

जीपमध्ये दाटीवाटीने सगळे बसले. नवऱ्यामुलाची पुतणी संस्कृती अकरा वर्षांची, तोंडाचा पट्टा सतत चालू. मे महिन्यात इथे लोक आंघोळीऐवजी ओलं फडकं फिरवतात, असं आदिनाथने तिला चेहरा सरळ ठेवून सांगितलं. निघोज येईपर्यंत तिने ते खरं मानलं आणि मग त्याला असा चिमटा काढला की तो गाडीतून ओरडतच उतरला.

उन्हाळ्यात कुकडी आटली की तिची हाडं दिसतात. काळाकभिन्न कातळ, आणि पाण्याने हजारो वर्षं घोटून त्यात कोरलेले रांजणच्या रांजण. तळाशी हिरवं पाणी, त्यात इवले मासे. पाहुणे चपला हातात घेऊन भराभर खाली उतरले.

दिशा काठावरच थांबली. पलीकडे चार माणसं दोर लावून पाण्याची मोटार वर ओढत होती. थोडं पुढे आणखी एक मोटार, पाइपासकट वर निघालेली. एवढ्या उन्हात, ऐन दुपारी?

ती आणि आदिनाथ अलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्याकडे गेले. आसाराम नाव त्याचं. तोही पाइप गुंडाळत होता.

"वरच्या धरनातनं पानी सुटलंय पोरी. कालच दवंडी झाली. त्या पाव्हन्यांना म्या लई हाका मारल्या, त्यांनी नुसता हात हलवून दावला."

"कधी येईल पाणी?"

"आत्ता येईल, न्हाईतर तासाभरानं. पानी काय घड्याळ लावून येतंय व्हय?"

दिशा धावत खाली गेली. नवऱ्यामुलाचे काका, शामकांतकाका, एका रांजणाच्या काठावर ऐसपैस बसले होते. तीस वर्षं त्यांनी बंदरात नोकरी केलेली. तिचं सगळं ऐकून ते गालात हसले.

"पाणी चढायला सहा तास लागतात, बाळ. पायाला लागलं की उठू."

"काका, ही भरती नाही."

त्यांनी तिच्या हातात मोबाईल दिला आणि फोटो काढायला सांगितला. नवऱ्यामुलाचे मामा, सुहासमामा, तर कातळाच्या सावलीत डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे उघडलेही नाहीत.

संस्कृतीने दिशाला बाजूला ओढलं. साखरपुड्यात मानाचा पहिला फेटा कुणाला, यावरून काका आणि मामा दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते म्हणे. एवढं सांगून तिने काठावरच्या देवळाकडे बोट दाखवलं. दिशाच्या लक्षात आलं.

संस्कृती काकांच्या कानाला लागली. वर देवळात मानाचे फेटे बांधायला माणूस आलाय आणि पहिला मान मामांना देतायत. तिकडे आदिनाथने मामांना तेच सांगितलं, फक्त नाव बदलून.

"मला काही घाई नाही," काका म्हणाले आणि चपला न घालताच निघाले. मामा त्यांच्या चार पावलं पुढे होते. आता तिथे काय तमाशा होतोय ते बघायला मागोमाग सगळं वऱ्हाड वर चढलं.

खाली राहिल्या त्या एकट्या प्रेमलाकाकू. नवऱ्यामुलाची आई. दुखरे गुडघे घेऊन त्या पार पलीकडच्या खळग्यात पाय सोडून बसल्या होत्या. फेटे ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत, म्हणाल्या.

या बाईशी खोटं बोलावंसं दिशाला वाटलं नाही.

"काकू, फेटे नाहीत. आम्ही थाप मारली. पाणी येतंय."

काकूंनी खळग्यात पाहिलं. साचलेलं पाणी वाऱ्यावाचून थरथरत होतं. त्यांनी लगेच हात पुढे केला.

दूरच्या रस्त्यावरून भरलेला टेम्पो यावा तसा आवाज येऊ लागला. मग चहाच्या रंगाची एक धार आली, काटक्या आणि फेस घेऊन. एक रांजण भरला, दुसरा भरला. काकूंचा गुडघा वाकेना. आदिनाथ वरून पळत आला आणि दोघांनी त्यांना दोन्हीकडून धरलं. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. गार, ओढ लावणारं. दिशाचे पाय बधिर झाले. त्याचं तिला नवल वाटलं नाही. ती फक्त पुढचा दगड बघत होती, मग त्याच्या पुढचा.

शेवटच्या कातळावरून आसारामने काकूंना वर ओढलं. मागे वळून पाहिलं, तर त्या बसल्या होत्या ती जागाच नव्हती.

 शामकांतकाका तिघा मुलांसमोर येऊन म्हणाले, "तीस वर्षं पाण्याशेजारी काढली मी. आज तुमच्यामुळे घरचं माणूस वाचलं. चूक माझी होती."

मामांनी मान हलवली. "ल्हान हायेत, पन नजर हाय," आसाराम म्हणाला. दिशाला ते सगळं लांबून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

काकूंनी अजून तिचा हात सोडला नव्हता.

"अश्विनीला पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. ती विहिरीतसुद्धा वाकून बघत नाही."

"मग समुद्रावर मी जाईन तिच्याबरोबर. आधी घोटाभर पाण्यात. मग गुडघाभर. असाच हात धरून."

दिशाने खाली पाहिलं. काकूंच्या बांगड्या तिच्या मनगटात रुतल्या होत्या.

"काकू, हात दुखतोय," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

काकूंनी पकड सैल केली. तशी दिशानेच ती पुन्हा घट्ट केली.