शेवटचा चोरकप्पा

रुबिएल पहिल्यांदा आला तो भुरभुर पावसातून, छपराखाली जरा उभं राहू द्या म्हणत. डोळे मात्र थेट ग्रीनहाऊसमध्ये, तिथली मालकीण लुस दारी हिच्या एका कुंडीवर. तिथंच दारीच्या मनात पाल चुकचुकली.

कुंडी म्हणजे तरी काय, मुठीत मावेल एवढं ऑर्किड. पानाच्या पाठीला चिकटलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं जांभळं फूल. बाबा गेल्यापासून दारीनं ते पाणी फवारून, गारव्यात ठेवून लेकरासारखं जपलं होतं. पण झाड म्हातारं झालं होतं आणि स्वतःच्या परागानं काही शेंग धरेना. यंदाही धरली नाही, तर बाबांचं झाड संपलंच.

"माझ्याकडे याचंच दुसरं रोप आहे," तो म्हणाला. "फुलावर आलंय. जोडी जमवायची का?"

"कुणाची?"

"आधी रोपांची म्हणतोय."

"सगळे चोर असंच बोलतात. पिशवी दाखवा."

खांद्यावर कातडी कार्रिएल होती, बऱ्याच कप्प्यांची पिशवी. इकडे आंतिओकिया प्रांतातला पुरुष तिचे सगळे कप्पे कुणालाच दाखवत नाही. यानं मात्र एकेक उघडला... कंगवा, भिंग, मेणबत्तीचा तुकडा. शेवटच्या चोरकप्प्याशी हात थांबला.

"आणि तो?"

"तो लग्नानंतर."

दारीला हसू आलं, ते तिनं गिळलं.

मग तो रोजच येऊ लागला. ती रोज पिशवी तपासायची, मग कॉफी द्यायची, रोपांच्या जोडीचं मात्र टाळायची. हळूहळू ती त्याची वाट बघू लागली, आणि त्यामुळे तर संशय आणखीच वाढला. एवढा गोड माणूस उगाच कशाला येईल?

एका सकाळी फुलातल्या परागाच्या पिवळ्या गोळ्या गायब. फूलही मलूल. तेवढ्यात रुबिएल गरम आरेपा, मक्याच्या भाकऱ्या, घेऊन दारात.

"तो कप्पा उघडा," दारी म्हणाली.

त्यानं उघडला. आत टोकदार केलेली काडी, टोकाला पिवळा ठिपका.

"काल तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा... तुमच्या फुलाचा पराग मी नेला. माझ्या फुलाचा इथं लावला."

"मी विश्वास ठेवायला लागले होते तुमच्यावर." दारी म्हणाली.

"विचारायला हवं होतं. चुकलं माझं. पण फूल सुकत चाललं होतं, आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मला इथं यायला निमित्त उरलं नसतं."

"चालते व्हा."

तो गेला. आरेपा बाकावर गार झाल्या.

दारीनं फूल खुडलं मात्र नाही. ते सुकलं, पण गळेना. एक दिवस तिनं भिंगातून पाहिलं, तर फुलामागचा देठ फुगलेला... चिमुकली हिरवी शेंग. ती तिथंच बसून रडली. बाबांचं झाड राहणार होतं.

मग ती तडक वरच्या आळीत त्याच्या घरी गेली. खिडकीत कुंडी होती. तीच पानं, तसंच सुकलेलं फूल आणि त्यामागे शेंग.

"खरंच आहे की रोप," ती म्हणाली.

"अजून शंका होती?"

"होती. पिशवी आणा इकडे."

तिनं स्वतःच चोरकप्पा उघडला, ग्रीनहाऊसची किल्ली आत टाकली आणि बटण लावलं.

"उद्यापासून किल्लीनं उघडून ये," दारी म्हणाली. "आणि हात लावायच्या आधी विचारायचं."

"कशाला हात लावायच्या?"

"आधी फुलाचं म्हणतेय," ती म्हणाली.