छत सरळ, सावली वाकडी

"आत्या, छत सरळ आहे, मग त्याची सावली वाकडी कशी?"

स्टेडियमच्या कार्यालयात मनवाने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. टिटवीने, म्हणजे आत्याच्या उडत्या, बोलत्या कॅमेऱ्याने, स्टेडियमचा बरोबर डोक्यावरून घेतलेला फोटो नुकताच पाठवला होता. पूर्वेकडच्या गॅलरीचं पांढरं छत एका रेषेत, स्वच्छ दिसत होतं. त्याची सावली मैदानातल्या हिरवळीवर पडली होती. तीही सरळच हवी होती. पण एका जागी तिची कड गॅलरीच्या दिशेने आत दबली होती. नऊ क्रमांकाच्या विभागासमोर.

त्याच विभागात मनवाचा धाकटा भाऊ मल्हार वर्गासोबत बसणार होता. साडेदहा वाजले होते. अकराला कोल्हापूरच्या शालेय फुटबॉलचा अंतिम सामना होता.

"टिटवे, छताला काही झालंय का?" तिने विचारलं.

"वरून पाहता छत जागेवर आहे," टिटवी म्हणाली.

"वरून पाहता!" आत्या खुर्चीतून उठली. डॉ. इंदुमती पाटील मोठमोठ्या इमारतींचा अभ्यास करायची. "मनवा, टेबलावर दिव्याचा उजेड तिरका पडलाय ना? त्यात हात धर. आता हळूहळू खाली आण."

हात खाली येऊ लागला तशी त्याची सावलीही हाताजवळ येऊ लागली.

"वरून बघणाऱ्याला हात तेवढाच दिसतो, उंच असो की खाली. उंची सांगते ती सावली."

"म्हणजे नऊ नंबरचं छत खाली आलंय? किती?"

"तूच मोज. मैदानाच्या कोपऱ्यातला झेंडा दीड मीटर उंच आहे. त्याची सावली बघ."

मनवाने फोटोवर मोजलं. सावलीही बरोबर दीड मीटर होती. म्हणजे सूर्याचा उन्नतांश (सूर्य क्षितिजापासून किती वर चढला आहे, तो कोन) पंचेचाळीस अंश होता. अशा वेळी वस्तूची जेवढी उंची, तेवढीच सावलीची लांबी. छताची सावली नवव्या विभागासमोर चाळीस सेंटिमीटरने कमी पडत होती.

"चाळीस सेंटिमीटर!" मनवा म्हणाली.

आत्याने लगेच स्टेडियमचे व्यवस्थापक दळवी यांना बोलावलं. ते धापा टाकत आले.

"अहो मॅडम, पोरं रांगा लावून आत येतायत. एका सावलीपायी गॅलरी रिकामी करू? तिथं मैदानालाच उंचवटा असंल."

मनवाने पुन्हा फोटो पाहिला. खरंच, जमीन उंचसखल असली तरी सावली वाकडी पडेल! आपण उगाच घाबरवलं तर सगळे हसतील. आणि नाही सांगितलं तर?

"शंका योग्य आहे," आत्या म्हणाली. "पण खात्री होईपर्यंत नवव्या विभागाचं फाटक तरी बंद ठेवा."

"फाटक उघडून दहा मिनिटं झाली," दळवी खाली बघत म्हणाले.

खिडकीतून निळे गणवेश दिसत होते. मनवा मल्हारला शोधू लागली. एवढ्या डोक्यांत तो सापडेना.

"आत्या, सूर्य तर सरकतोय!" ती एकदम म्हणाली. "सावली दुसऱ्या जमिनीवर जाईल. दोष जमिनीचा असेल तर वाकडेपणा तिथेच मागे राहील. छताचा असेल तर तो सावलीबरोबर सरकेल."

आत्या पडद्याकडे वळली. "टिटवे, पहिल्या फोटोला किती वेळ झाला?"

"तेरा मिनिटं."

"आणखी एक काढ."

फोटो आला. सावली गॅलरीकडे जवळजवळ दोन मीटर आखडली होती. वाकडेपणाही तिच्याबरोबर सरकला होता. आधीच्या जागी आता नुसतं ऊन होतं. मनवाने मोजलं, पुन्हा मोजलं.

"पन्नास सेंटिमीटर झाले. सूर्य वर चढला की हा फरक कमी व्हायला हवा होता ना?"

"हो," आत्या म्हणाली. "म्हणजे छत अजून उतरतंय. दळवीसाहेब!"

दळवींनी ध्वनिक्षेपक हातात घेतला होता. "आठ, नऊ आणि दहा विभागांतल्या मुलांनी शिक्षकांबरोबर समोरच्या गॅलरीत जावं. पळू नका. पिशव्या राहू द्या."

निळी रांग हलू लागली. मनवा पायऱ्या मोजत होती: सहा रिकाम्या, नऊ रिकाम्या. शेवटी एक मुलगा बुटाची नाडी बांधायला थांबला. मल्हारच होता तो! बाईंनी त्याला हाताला धरून ओढत नेलं.

मग कडकन आवाज झाला. नवव्या विभागावरचा छताचा भाग माणूसभर खाली येऊन लोंबकळला आणि दोन पत्रे रिकाम्या खुर्च्यांवर आदळले.

दुपारी यारीने, म्हणजे क्रेनने, तो भाग तोलून धरल्यावर कारण कळलं. ते छत बाहुधरनांवर (एक टोक पक्कं रोवलेलं आणि दुसरं अधांतरी असलेल्या तुळयांवर) उभं होतं. एका तुळईच्या मुळाशी असलेला जाड बोल्ट तडकला होता. सामना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मैदानावर ठेवला. मल्हार त्यावरून रुसला, आणि मनवाने त्याला इतकं घट्ट धरलं की तो आणखीच चिडला.

आठवड्याने आत्याकडे राज्यभरातल्या स्टेडियमचे फोटो तपासायला येऊ लागले. टिटवीने पहिला पडद्यावर लावला. मोठं, गोल, अनोळखी छत होतं.

"वरून पाहता—" टिटवी सुरू झाली.

"थांब," मनवा खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "आधी सांग, हा फोटो किती वाजता काढलाय? सूर्य किती वर होता?"