तानूची ओळ

ध्वनिमुद्रणातील मोकळ्या जागा मी कापल्या. हे आरंभीच स्पष्ट सांगते. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एवढाच. पण तो माझाच.

केशरबाईंच्या घशाची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. त्यानंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पोखर्णीच्या या वृद्धेच्या जात्यावरच्या ओव्या तरी राहाव्यात, म्हणून मी परभणीतील माझ्या घराच्या मागच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय केली. माइक कोठे ठेवावा, लॅपटॉपला कसा जोडावा, हे माझा भाचा नचिकेत पुण्याहून फोनवर सांगत होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. दुपारच्या उकाड्यात डांबरगोळ्यांचा वास कोंडला.

“बाई, गाण्याला थंडी वाजायलीय का?” असे म्हणत केशरबाई माइकपुढे बसल्या.

प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत. मला वाटले, दम लागतो. त्या चहा घेत असताना मी पडद्यावरच्या त्या अकराही रिकाम्या जागा निवडून काढून टाकल्या. आवाजाची रेघ सलग झाली. चूक दुरुस्त केल्याचे समाधान वाटले. मग त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला.

त्यांचा चेहरा उतरला.

“तानूची ओळ का काढली, बाई?”

जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एकीने एक ओळ म्हणायची, दुसरीने पुढची, असे त्यांनी समजावले. तानुबाई चाळीस वर्षे त्यांच्यासमोर बसल्या आणि सहा वर्षांपूर्वी वारल्या. केशरबाई त्यांची जागा अजूनही सोडत होत्या.

“आत्ता म्हणली की ती. तुमी ऐकलं न्हाई?”

मी क्षमा मागितली. कापलेले परत आणता येते, असे सांगून कळ दाबली. जागा परतल्या. तेथे रेघ सपाट होती. मी दोनदा तपासले. हेडफोन कानाला लावला. केशरबाईंची ओळ संपली... दगडावर दगड फिरल्याची घरघर... आणि एका बाईचा संथ, स्वच्छ आवाज.

माझ्या घरात जाते नाही.

न थांबता पुन्हा गावे, अशी मी विनंती केली. केशरबाईंनी पहिल्या ओळीला दुसरी जोडली, तोच आवाज फुटेना. ओठ हलत राहिले... श्वास तेवढा वाजला. जागा सोडली की आवाज परत येई. संध्याकाळी त्यांना शस्त्रक्रियेसाठी नांदेडला न्यायचे होते. दुसरी संधी नव्हती.

शेवटी ठरले ते असे: मुद्रण आहे तसेच ठेवायचे, एकही जागा कापायची नाही आणि गाणाऱ्या म्हणून दोघींची नावे लिहायची. केशरबाईंनी मान डोलावली. मी होकार दिला. घडलेले काहीही न सांगता मुद्रण, दोघींची नावे आणि एकही जागा न कापण्याची सूचना नचिकेतला पाठवली. तासाभराने त्याचा फोन आला. त्यालाही सारे मान्य होते.

“फक्त नावं दोनच लिहिलीत, मावशी,” तो म्हणाला. “तिसऱ्या बाई कोण?”