आकाशगंगेला ताण

"मॅडम, हे संत्र्यावरची बुरशी व्हय का?"

नागपूर-सौंसर बसमध्ये शेजारच्या तरुणानं लॅपटॉपवर डोकावून विचारलं, आणि धनश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. बुरशी! ते आकाशगंगेचं चित्र होतं; आकाशगंगा कशा वाढतात, यावर ती पुण्यात संशोधन करत होती आणि सुटीत सौंसरला घरी निघाली होती. तिनं त्याला तिथंच झापायला घेतलं... बाहेरून वायू येतो, त्यातून नवे तारे जन्मतात, वायू तुटला की तारे जन्मायचे थांबतात! तो तरुण, रवींद्र, नुसता मान डोलवत राहिला. त्यानं तिकीट काढलेलं बोरगाव मागं पडलं, तेव्हा तीच दचकली.

"अवो, तुमचं गाव गेलं ना!"

"जाऊ द्या," तो हसला, "गाव कुठं पळून चाल्लं?"

झालं! मग फोन, भेटी, बांधावरच्या लांबलेल्या संध्याकाळी... आणि आज रवींद्र आईला, कलाबाईंना, घेऊन सौंसरला रीतसर बघायला आला, तर या शहाण्यानं काय दिवे लावावेत?

"पोरगी पुण्यात, पोरगा संत्र्याच्या बागेत. संसार कसा होईन?" कलाबाईंनी विचारलं.

"मी इचार केला ना, आई," रवींद्र ऐटीत म्हणाला. "झाडाचं पाणी तोडून ताण देतो, तवाच बहार येते. तसाच हिच्या कामाले चार-पाच वर्ष ताण देऊ. लेकरं झाले का मंग हे पाहीन आपले तारे-बिरे."

धनश्रीनं चहाचा ट्रे दाणकन ठेवला.

"कोणाले इचारून ठरवलं तू? मी का तुह्या बागेतलं झाड व्हय? झाड फुलते, रवींद्र. आकाशगंगेचा वायू तोडला तं ते विझते! बसमध्ये मान डोलवून काय ऐकून राहिला होता?"

"मी... तुह्याकडंच पाहून राहिलो होतो."

"मंग जा! असं लग्न मले नाई करायचं!"

तिचे डोळे भरून आले. जीव जडला तोही याच गाढवावर, याचा तिला जास्त संताप येत होता.

रवींद्र उठला. चेहरा पार उतरला होता.

"आई, चूक माही हाय. तिच्या कामाचं ठरवणारा मी कोण? धनश्री पुण्यालेच राहीन. बागेतून सवड भेटली का मीच जात जाईन."

"लोकं काय म्हणतीन, बाप्पा?"

"म्हणू दे." तो धनश्रीकडे वळला, आवाज एकदम खाली आला. "आता तरी... हो म्हण ना."

"मी रागात हाय!"

"मंग रागातच म्हण."

"हो!" धनश्री अशी ओरडली, की कलाबाईंच्या बशीतला चहा लुगड्यावर सांडला.