डाव्या रांगेतले ससे

जनावरांच्या डॉक्टर नीवेस दुपारी उशिरा जेवायला बसल्या आणि फोन वाजला. पलीकडे ओर्नेला होती, ससेवाली.

"डॉक्टर, लगेच या. आजही पिल्लं मेलीत. पुन्हा डाव्याच रांगेतली."

नीवेसनी मक्याचा पोलेंटा तसाच झाकला आणि गाडी काढली.

इटलीतल्या त्रेविझोच्या त्या पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे प्रोसेको वाइनचे द्राक्षवेल. सशांची शेड एकच उरली होती, ओर्नेला आणि तिचा भाऊ इवानो यांची. ओर्नेलानं चिकोरीच्या मुळांची पावडर केली होती. सशाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंना ती पोसते आणि पिल्लं औषधाविना तग धरतात, असं तिचं म्हणणं. पिंजऱ्यांच्या एका रांगेला पावडर घातलेलं खाद्य, दुसरीला साधं, असा प्रयोग चालू होता. त्याच संध्याकाळी सहकारी संस्थेची समिती निकाल बघायला येणार होती. पावडर फसली की शेड पाडायची आणि तिथेही वेलच लावायचे, असं ठरलेलं होतं.

उजव्या रांगेवर ठसठशीत पाटी होती, 'चिकोरी'.

"मग मरताहेत ती साध्या खाद्यावरची," नीवेस म्हणाल्या. "तुला रडायला काय झालं?"

ओर्नेलानं दार लोटून घेतलं. "पाटी खोटी आहे. पावडर डावीकडे आहे. आई म्हणायची, लाडकी रांग कुठली ते कुणाला कळू देऊ नये, नाहीतर सगळे तिलाच कुरवाळतात."

"खरं कुणाला ठाऊक आहे?"

ओर्नेलानं दाराची कडी पुन्हा लावून पाहिली. "कुणालाच नाही."

नीवेसनी मेलेलं पिल्लू उघडलं. पोट ताज्या, अजून न भिजलेल्या दाण्यांनी ठासून भरलेलं.

"खाद्याची झाकणं कधी उघडतेस?"

"संध्याकाळी, दांडा ओढून. नुकतं दूध तुटलेल्या पिल्लांना दिवसभर खाऊ दिलं तर फुगून मरतात. इथलं शेंबडं पोरही सांगेल."

डाव्या पिंजऱ्यांखाली मऊ लेंड्यांचा सडा पडला होता. दुपारच्या शांततेत ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. त्यावरच त्याचं पचन चालतं. म्हणून भर दुपारी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा इथला जुना नेम. तुडुंब जेवलेला ससा मात्र त्यांना तोंड लावत नाही. उजवीकडे जमीन स्वच्छ होती.

अंगणात रुजेरो बसला होता. औषधी खाद्य विकणारा, बोलघेवडा माणूस.

"दुपारी कुठे होतास?"

"या झाडाखाली घोरत होतो. कोंबड्यांना विचारा."

"ओर्नेलाची पावडर पडली तर तुझं फावेल."

"फावेल की. पण पाटीवाली रांग टुणटुणीत आहे, डॉक्टर. म्हणजे मीच पडलो."

इवानो विहिरीपाशी हात धूत होता.

"तू कुठे होतास?"

"झोपलो होतो."

"पावडरीबद्दल काय वाटतं?"

"काय वाटायचंय? हट्ट होता तिचा. आता समितीला काय तोंड दाखवणार, बिचारी."

नीवेसनी तिघांनाही शेडमध्ये बोलावलं. दोन्ही रांगांचे दांडे ओढले, झाकणं उघडली. उजवीकडची पिल्लं खाद्यावर तुटून पडली. डावीकडे एकानंही मान उचलली नाही.

"विष नाही, रोग नाही," नीवेस म्हणाल्या. "रोज दुपारी कुणीतरी हा डावा दांडा ओढतं आणि पिल्लांना मरेपर्यंत जेवू घालतं. पावडर बदनाम करायला."

"माझ्याकडे बघू नका," रुजेरो म्हणाला.

"नाही बघत. तू पाटीवर विश्वास ठेवलास. तुला घात करायचा असता तर उजवा दांडा ओढला असतास. साऱ्या गावाच्या लेखी पावडर जिंकतेय. पावडर हरली म्हणून हळहळला तो एकटा इवानो."

इवानो ओले हात विजारीला पुसू लागला.

"ओर्नेला, खरी रांग कुणाला सांगितली होतीस?"

ओर्नेलानं भावाकडे पाहिलं. फोन करतानाच तिला कळलं असावं; फक्त ते तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"एकट्या इवानोला."

"मी काही विष घातलं नाही," इवानो म्हणाला. "वेल लावले की रविवारी तरी माणसासारखं जगता येतं. जन्मभर सशांचा वास अंगावर घेऊन लोकांच्या लग्नांना गेलो मी. तू कधी विचारलंस मला, काय हवंय ते?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. पण तू माझ्यासमोर मेलेल्या पिल्लांना उचलून पुरत होतास, इवानो. माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास."

त्याची मान खाली गेली. तिला रडूही येईना, इतकं ते खोल लागलं होतं.

"गावाला खोटं सांगितलं, संस्थेला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "खरं सांगितलं ते एकट्या तुला. तुझ्याशीही खोटं बोलले असते, तर तुझ्याच हातानं माझी पावडर जिंकली असती."

समितीची गाडी अंगणात शिरली. रुजेरोनं टोपी उचलली आणि मागच्या दारानं हळूच निघून गेला.

ओर्नेलानं डावी झाकणं बंद केली. "चल," ती भावाला म्हणाली. "त्यांना आज तू खरं सांग."