हिरवा हिरवाच दिसला पाहिजे

“ही पण नको. पुढची पेटी फोडा.”

महात्मा गांधी रोडवरच्या त्या दुकानात बावीस इंची वाइडस्क्रीन मॉनिटरच्या दोन पेट्या फोडून झाल्या होत्या आणि मालकाचा धीर सुटत चालला होता. शुभांगीला त्याचं काही नव्हतं. मखमलाबादच्या सहादू पिंगळ्यांची ही लेक बापाच्या मळ्यातला झेंडूसुद्धा एकेक फूल बघून टोपलीत टाकायची.

“ताई, कोपऱ्यात एक बारकासा काळा ठिपका,” मालक काकुळतीला आला. “एवढ्यानं काय बिघडतं? कंपनीच म्हणते, चार-पाच चालतात.”

“कंपनीला चालत असतील. मला नाही चालत.”

चालणार कसं? शुभांगी द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं तयार करायची. गेल्या हंगामात जुन्या मॉनिटरने तिला दगा दिला. पडद्यावर पोपटी दिसणारी द्राक्षं कागदावर पिवळी उतरली. “ही द्राक्षं हायेत का लिंबं?” पिंपळगावचा व्यापारी सगळ्यांदेखत म्हणाला. घरात शकुआत्याने लगेच निकाल दिला: पुरे झालं ते काँप्युटर, आता लग्न. शुभांगीने भांडून भांडून एक शेवटची संधी मिळवली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवं लेबल छापायला जायचं होतं. ते जमलं तर तिच्या शब्दाला घरात वजन येणार होतं. नाहीतर आत्याने शोधलेलं विंचूरचं स्थळ होतंच.

तिसरी पेटी फुटली. शुभांगीने पेनड्राइव्ह लावून पडदा पूर्ण काळा केला.

“आता शटर ओढा. कडेनं उजेड गळतो का ते बघायचंय.”

“भरदिवसा शटर? अहो, धंदा करायचाय मला!”

तेवढ्यात मागे खर्रर्र आवाज झाला आणि दुकानात अंधार पसरला. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग लावलेल्या एका तरुणाने शटर पार गुडघ्यापर्यंत खाली खेचलं होतं.

“मलाही हेच बघायचं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही बोललात ते बरं झालं... शिव्या तुमच्या वाट्याला.”

अंधारात दोघं पडद्यावर वाकले. कडा कुठेच उजळल्या नव्हत्या. तिने हिरवा रंग लावला.

“जरा बाजूने बघा,” ती म्हणाली. “पिवळा दिसतो का?”

“नाही... अगदी किंचित. आणि मी कसा दिसतो बाजूने?”

“तुम्ही सगळीकडून आगाऊच दिसता!”

तो खळखळून हसला. नाव श्रेयस. पंचवटीतल्या भटजींचा मुलगा, पण पूजा सांगायची सोडून लग्नांचे फोटो काढत फिरायचा. नेमक्या रंगांची गरज त्यालाही तेवढीच होती आणि निर्दोष मॉनिटर दुकानात हा एकच उरला होता.

“तुम्हीच न्या,” तो म्हणाला. “मी ठिपकावाला घेतो.”

“उपकार नकोत. नाणं उडवा.”

नाणं तिच्या बाजूने पडलं. तिने पेटी छातीशी धरली आणि विजयी मुद्रेने बाहेर पडली... तरी रिक्षात बसताना मागे वळून पाहिलंच.

पुढच्याच आठवड्यात दुकानातून पत्ता काढून श्रेयस मळ्यात हजर! त्याच्या पडद्यावर नवऱ्या मुलीच्या शालूचा रंग नीट कळत नव्हता म्हणे. मग तो दर रविवारी येऊ लागला. खतांच्या गोण्या सारून केलेल्या तिच्या कामाच्या खोलीत दोघं फोटोंवरून भांडायचे. चहा निवून जायचा आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

“शुभांगी... मी खरंच शालूचे रंग बघायला येतो, असं वाटतं तुला?”

“नाही,” ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. “आणि मलाही तू आवडतोस. आता तो फोटो सरळ कर, नवरदेव वाकडा दिसतोय.”

खंडेनवमी उजाडली. फाइल संध्याकाळपर्यंत प्रेसला पोचायची होती. शुभांगी आंघोळीला गेली तेवढ्यात आईने, गोजराबाईंनी, विळे, खुरपी, फवारणीचा पंप सगळ्यांची पूजा केली. लेकीचं हत्यार कसं उपाशी ठेवायचं? त्यांनी ओल्या कुंकवाचा अंगठा मॉनिटरच्या मधोमध चांगला दाबून उमटवला. कुंकू ओघळलं म्हणून पदराने खसाखसा पुसलंही. जुन्या मॉनिटरची जाड काच वर्षानुवर्षं हे सगळं निमूट सोसत आली होती. हा पडदा मऊ होता. शुभांगीने तो सुरू केला, तेव्हा द्राक्षांच्या ऐन मध्यावर पांढुरका डाग पसरला होता.

“मला काय ठाव गं! पूजाच केली ना मी!” गोजराबाई रडायलाच लागल्या.

आईवर रागवायचं तरी कसं? शुभांगीने श्रेयसला फोन लावला.

झेंडूच्या बाजारातली गर्दी कापत तो स्कूटरवरून आला. पायांशी त्याचा स्वतःचा मॉनिटर, घरच्या चादरीत गुंडाळलेला.

“तुझ्या ठिपक्यावर हा हिरवा जमेल?” तिने विचारलं.

“ठिपका कोपऱ्यात आहे. द्राक्षं मध्ये ठेव. आणि हो... घरी सांगितलं मी.”

“मग?”

“बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी आईला म्हणाले, मळ्यातून झेंडू घेतला तर स्वस्त पडेल का.”

ती हसली आणि कामाला लागली. उन्हं कलता कलता हिरवा हिरवाच झाला. फाइल प्रेसला गेली. दारात पहाऱ्याला बसल्यासारखी बसलेली शकुआत्या कंबर धरून उठली.

“झालं ना? आता उद्याच्या तयारीला लाग. लेबल जमो न जमो, विंचूरकर बघायला येणारेत. अन् या पोराला वाटंला लाव.”

“काका, मला जरा बोलायचं—” श्रेयसने आत्यामागून आलेल्या सहादूंकडे वळून सुरुवात केली.

“तू थांब,” शुभांगी म्हणाली. “माझ्या घरातलं मला बोलू दे. बाबा, मला याच्याशी लग्न करायचंय.”

“अगं, भटजीचं पोर ते!” आत्या कडाडली. “लोक काय म्हणतील?”

“लोक मी निवडले नाहीत, आत्या. हा निवडलाय.”

सहादूंनी लेकीकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला.

“मी शब्द दिला होता विंचूरला. तो मोडायला माझी जीभ नाय रेटायची. तुझ्यात हिंमत असंल तर तूच सांग.”

नवऱ्या मुलीने स्वतः फोन करून स्थळ नाकारायचं! पिंगळ्यांच्या सात पिढ्यांत असं घडलं नव्हतं. शुभांगीने नंबर लावला.

“मी शुभांगी बोलतेय. हो... मुलगीच. उद्या कृपा करून येऊ नका. तुमच्यात काही खोट नाही. पण माझा मी मुलगा बघितलाय आणि मला तो पसंत आहे.”

तिने फोन बंद करून बाबांना परत दिला. श्रेयसने तिचा हात सगळ्यांसमोर हातात घेतला. आत्याने डोळे वटारले, आईने पदर तोंडाला लावला. शुभांगीने हात सोडवून घेतला नाही.