धुक्यात उतरलेलं विमान

त्या दुपारी आम्ही फक्त वजनकाटा आणायला गेलो होतो.

आत्याची विमान कंपनी बंद होऊन महिना झाला होता. कंपनी कसली, नऊ आसनांचं एक विमान, पत्र्याची एक शेड आणि आम्ही चौघं. आत्या मालकीण. कप्तानकाका विमान चालवायचे, मिस्त्री ते दुरुस्त करायचे, आणि मी प्रवाशांना सामानासकट काट्यावर उभं करून वजन लिहायचे. लहान विमानात कोण किती जड हे बघूनच बसवावं लागतं. बायकांचं वजन मी कप्तानकाकांच्या कानात सांगायचे. पुरुषांचं मोठ्याने.

पहिली सहा-सात वर्षं आम्हाला जेवायला उसंत नव्हती. डोंगरापलीकडे जायला रस्त्याने अख्खा दिवस मोडायचा, आम्ही अर्ध्या तासात पोचवायचो. डॉक्टर यायचे, वऱ्हाडं यायची. एकदा तर अख्खी नाटक मंडळी आली. राजाचं काम करणारा नट वजनामुळे मधोमध बसवला, तर सेनापती खिडकीसाठी रुसला.

मग डोंगराला बोगदा पडला आणि आमच्या धंद्याला भगदाड. बोगद्याच्या उद्घाटनाला आत्या स्वतः जाऊन टाळ्या वाजवून आली. "लोकांची सोय झाली गं," म्हणाली, आणि महिन्याभरात विमान विकून मोकळी झाली. घेणाऱ्याला ते सुट्या भागांसाठीच हवं होतं.

तर, काटा. मिस्त्रींच्या भावाला दुकानात हवा होता. आम्ही चौघं आत्याच्या गाडीतून पोचलो तेव्हा चार वाजले असतील. धुकं इतकं दाट उतरलं होतं, की शेडच्या दारातून धावपट्टी दिसेना. ओल्या गवताचा वास येत होता. मिस्त्री काट्याचे बोल्ट काढत होते आणि कप्तानकाका त्यांना नको ते सल्ले देत होते.

तेवढ्यात डोक्यावरून घरघर गेली.

मिस्त्रींचा पाना हातातच थांबला. "डावं इंजिन खोकतंय," ते हळूच म्हणाले. "हे आपलंच आहे."

"आपलं विकलं," आत्या म्हणाली.

"विकलं. पण हा खोकला माझ्या हातचा आहे, बाई..."

आवाज लांब गेला, वळला, पुन्हा आला. कुणीतरी जमीन शोधत होतं.

विमानाशी बोलायचा कोपऱ्यातला रेडिओ अजून न्यायचा होता. मिस्त्रींनी गाडीची बॅटरी काढून त्याला जोडली. मी सवयीने विचारलं, "कोण बोलतंय?"

थोडी खरखर झाली. मग एक आवाज आला, मजेत असल्यासारखा. "नऊ प्रवासी आहेत. खाली काही दिसत नाही, ताई. उतरू का?"

मी मान वळवली. कप्तानकाका माझ्या शेजारी उभे होते. ओठ मिटलेले.

"हा... मी आहे," ते म्हणाले. जरा ऐकून पुढे म्हणाले, "बराच तरुण आहे."

 आत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो गार पडला होता.

"काका, काय सांगू त्याला?"

"वर अडकलेल्या माणसाला आधी खाली घ्यायचं," कप्तानकाका म्हणाले. "कोण आहे ते मग विचारू."

मिस्त्रींनी जुन्या चिंध्या डब्यांत घालून पेटवल्या. ते आणि आत्या डबे पट्टीच्या दोन्ही कडांना ठेवत गेले. कप्तानकाका माझ्या कानात सांगत होते आणि मी रेडिओवर तेच म्हणत होते. थोडं डावीकडे. आणखी खाली. घाई नको... पलीकडून त्यांचाच आवाज "हं, हं" करत होता.

चाकं टेकली. तो आवाज आम्ही चौघांनीही ऐकला. ओला वारा अंगावरून गेला, डब्यांतल्या ज्वाळा आडव्या झाल्या. इंजिनं थांबली. मग दार उघडल्याचा आवाज, पायऱ्यांवर पावलं, एका बाईचं हसू. दिसत काहीच नव्हतं.

आत्याने पदर सारखा केला आणि धुक्याकडे बघून म्हणाली, "या... प्रवास नीट झाला ना?"

पावलं आमच्या अगदी जवळून गेली. मी मोजली नाहीत. आत्या म्हणते, ती नऊ जणांची होती.

 परत येताना गाडीत कप्तानकाका म्हणाले, "उतरवलं मात्र छान," आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी विमान घेणाऱ्याला फोन केला. विमान त्याच्याकडेच होतं. दोन्ही इंजिनं उतरवून जमिनीवर ठेवलेली.

आता त्या पट्टीवर गाडी चालवायला शिकवतात. तिथले मास्तर सांगतात, मैदानात सावलीला एक झाड नाही, पण मधोमध विमानाएवढी एक जागा अशी आहे, की भर उन्हात गाडी लावली तरी टप तापत नाही. "आम्ही सगळे तिथेच लावतो," म्हणतात. आम्हीही हसून ऐकायचो. ते विमान उतरलेलं आम्ही ऐकलं होतं, परत उडालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला. ती जागा आता तापायला लागली आहे. "गारवा सरकलाय, ताई," म्हणाले, "पट्टीच्या पार टोकाला... जिथून तुमचं विमान उडायला धाव घ्यायचं, तिथे."